वाटणीची चिठ्ठी

३ नोव्हेंबर, सोमवार

पाचवं 'नाही'! सलग पाचवं.

सकाळी सहा नंबरच्या बेडवर वालूरचे व्यंकटी आले. वय बावन्न, पायाच्या जखमेतून जंतू रक्तात पसरलेले, बीपी पार खाली. आमच्या अभ्यासात चपखल बसणारा पेशंट. मी फाइल घेऊन जवळजवळ पळतच बाहेर गेले. मुलाला म्हटलं, बसा, पाच मिनिटं बोलायचंय. तो उभाच. मी सुरुवात केली — आमच्या दवाखान्यात एक अभ्यास चालू आहे, भाग घ्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर, नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक —

"मग न्हाईच."

माझं वाक्यसुद्धा पुरं झालं नाही. चौदा पानांचं माहितीपत्रक हातातच राहिलं. "आमच्या मानसावर परयोग करायलाव का म्याडम?" एवढं विचारून तो चहाला निघून गेला.

प्रयोग म्हणे! दोन सलाईन आहेत. दोन्ही रोज वापरात, आमच्या आयसीयूतही आणि बाकी सगळीकडेही. अशा पेशंटला त्यातलं जास्त चांगलं कोणतं, हे कुणालाच नक्की माहीत नाही. ते कळावं म्हणून निम्म्यांना एक, निम्म्यांना दुसरं. कुणाला कोणतं, ते कंप्युटरनं आधीच ठरवून बंद पाकिटांत ठेवलंय. नवं काही नाही, विषारी काही नाही.

नऊ वर्षं मी याच आयसीयूत स्टाफ नर्स होते. सुया टोचल्या, नळ्या घातल्या, तेव्हा कुणी अडवलं नाही. आता रिसर्च को-ऑर्डिनेटर झाले, हातात सुई नाही, नुसता कागद — आणि लोक मला पाहून चपला घालायला लागतात!

ऑगस्टपासून झाले दोन. ३१ जानेवारीपर्यंत बारा व्हायला हवेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याच्या मुख्य केंद्राची ऑनलाइन बैठक. सव्वीस केंद्रांची यादी पडद्यावर. परभणी शोधायला मला अगदी तळाशी जावं लागलं.

तिथल्या प्रमुख मॅडमचा आवाज फार गोड. "तिकडचे लोक जरा अवघड आहेत ना? शिक्षणाचा प्रश्न असेल. जानेवारीअखेर बारा झाले नाहीत तर केंद्र बंद करावं लागेल, वाईट वाटून घेऊ नका हं."

वाईट? माझं डोकं फिरलं! अवघड म्हणे. आमची माणसं उन्हात राबतात, दवाखान्यात उशिरा पोचतात, त्यांच्या अंगाची तऱ्हाच वेगळी. त्यांना कोणतं सलाईन मानवतं हे पुण्या-मुंबईच्या पेशंटवरून ठरवायचं? आणि मग म्हणायचं की परभणीकर अवघड! केंद्र बंद झालं तर मी परत नर्सच्या ड्यूटीवर जाईन, त्याचं मला काही नाही. पण ज्या अभ्यासात आमचं माणूसच नाही त्याचं उत्तर आमच्या माणसाला लावणार, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

रविकांत सर — आयसीयूचे प्रमुख, हा अभ्यास त्यांच्याच नावावर आहे — बैठकभर शेंगदाणे खात होते. शेवटी म्हणाले, "विजयमाला, घाई करू नका." सरांचं बरंय. यादीत तळाला नाव त्यांचं नाही, परभणीचं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. घरी बसून 'नाही' का येतं त्याचा विचार केला. महारुद्र म्हणाले, "सुट्टीला तरी पेशंट घरात आणू नकोस." नवऱ्याला काय कळतंय! विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासतात. मातीला सही मागावी लागत नाही.

पहिली अडचण सहा तास. पेशंट आयसीयूत आल्यापासून सहा तासांत संमती झाली पाहिजे, नंतर झाली तर उपयोग नाही. आणि पेशंट स्वतः बेशुद्ध! म्हणजे नातेवाइकाची सही. कायद्यानं बायको चालते, मुलगा चालतो. पण आमच्याकडे एकट्यानं सही करतं कोण? बायको म्हणते दिराला विचारते. दीर ऊसतोडीला कर्नाटकात, उसाच्या फडात फोन लागत नाही. पेशंट बाई असली तर माहेरचे आल्याशिवाय कुणी बोट हलवत नाही, उद्या काही झालं तर "आम्हाला न विचारता केलं" म्हणून जन्माचा बोल. माहेरची जीप सातव्या तासाला दवाखान्याच्या दारात. सगळे उतरतात, सगळे शहाणे असतात, आणि माझी वेळ गेलेली असते.

दुसरी, सहीचीच धास्ती. आल्या आल्या लोकांनी धोक्याच्या कागदावर सही केलेली असते, मग व्हेंटिलेटरच्या, मग रक्ताच्या. व्हरांड्यातल्या चटयांवर सगळ्यांचं एकच मत — जास्त सह्या घेतल्या म्हणजे माणूस हातचं चाललं. तेवढ्यात मी उगवते, चौदा पानं घेऊन!

११ नोव्हेंबर

आज आमच्या कामाचा एकही पेशंट आला नाही म्हणून मला वाईट वाटलं. मग त्या वाईट वाटण्याचीच लाज वाटली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं! तिसरा झाला! आणि कसा झाला ते इथे लिहून ठेवलंच पाहिजे.

झरीचे माणिकराव. माझ्याच माहेरच्या गावचे, पण ओळख नव्हती. बायको कुसुमबाई, लघवीच्या जागेतून जंतू रक्तात गेलेले. मी नेहमीसारखं सांगायला घेतलं. म्हातारा शांतपणे ऐकत होता, आणि दोन सलाईनपाशी आलो तसा भडकला.

"थांबा. कोन्तं चांगलं ते डॉक्टरालाच ठाव न्हाई?"

"नाही काका. कुणालाच नाही."

"मंग हितं आनलं कशाला आमी? डॉक्टरला म्हाईत न्हाई आन् कंप्युटर चिठ्ठी काढनार? ही काय लॉटरी हाय का?"

तो उठायला लागला. आणि मला कुठून सुचलं कुणास ठाऊक! मी टेबल-खुर्ची सोडली, खाली त्यांच्या चटईवर मांडी घालून बसले. म्हटलं, काका, भावाभावांची वाटणी कशी होते?

"कशी म्हंजे? पंच बसत्यात. रानाचे वाटे पाडत्यात."

"वाटे कसे पाडतात?"

"सारखे. हिकडं काळी जादा तर तिकडं हीर. सारखं झाल्याबिगर पंच उठत न्हाईत."

"मग कुणाला कोणता वाटा, हे पंच सांगतात का?"

"छे छे! पंचानं सांगितलं तर भांडन हुतं. चिठ्ठ्या टाकत्यात. चिठ्ठीत निघंल त्यो ज्याचा त्याचा. मंग कोनाला बोल न्हाई."

मी म्हटलं, काका, हे तेच आहे. दोन्ही सलाईन पंचांनी सारखी करून ठेवलीत. डॉक्टरानं निवडलं तर उद्या कुणी म्हणेल, माझ्या माणसाला मुद्दाम हलकं दिलं. म्हणून चिठ्ठी.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही मुलांना हाक मारली. "आरं हिकडं या. वाटनीची चिठ्ठी हाय. लॉटरी न्हाई." मुलांना मी सांगायच्या आधी त्यानंच सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं! माहेरच्यांना फोन लावला, त्यांनाही तसंच सांगितलं. माहेरचे म्हणाले, चिठ्ठी हाय म्हंता तर काय हरकत? पाच तास दहा मिनिटांनी सही.

निकिता — आयसीयूतली सिस्टर, माझी जुनी जोडीदारीण — काचेतून बघत होती. म्हणाली, "तू खाली बसलीस तेव्हा मला वाटलं चक्कर आली."

घरी आल्यावर महारुद्रांना सगळं नाव-गाव गाळून सांगितलं. हसले. "आता तू पंच झालीस. फेटा आणू का?"

आणा म्हटलं!

१९ नोव्हेंबर, बुधवार

चौथा पेशंट. वाटणी, वाटे, चिठ्ठी. वीस मिनिटांत 'हो'.

एक गोष्ट लक्षात आली आणि ती फार मोलाची आहे. मी आजवर चुकीच्या टोकाकडून सुरुवात करत होते. "नाही म्हणालात तरी चालेल" हे पहिलंच वाक्य. नाही म्हणायला माणसाला आपणच दार उघडून दिल्यावर तो आत थांबेल कशाला? व्यंकटींच्या मुलाचं तेच झालं. आता मी ते वाक्य शेवटी नेलंय. आधी वाटणी, मग चिठ्ठी, मग धोके काय ते, मग शेवटी मर्जीचं. गाळलं काहीच नाही. माहितीपत्रकातलं सगळं सांगते, फक्त ओघ बदलला. केवढा फरक पडला!

पुण्याच्या कुठल्या पुस्तकात हे नाही. झरीच्या चटईवर शिकले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

दैवशाला, अठ्ठावीस वर्षांची. नवरा रामप्रसाद ऊस तोडायला गेलेला, तिथेच ताप भरला, तिनं एकटीनं ट्रकमधून परभणीला आणला. निमोनिया, जंतू रक्तात, बीपी लागेना. बरोबर कुणी नाही. थोरला दीर फडावरच. त्याचा फोन लागला तेव्हा पाच तास होऊन गेलेले. स्पीकरवर त्याचा आवाज सगळ्या व्हरांड्याला ऐकू येत होता — "आमी दोन दिसात येतो. तवर कुठं बी सही करू नको. ध्यानात ठेव."

फोन बंद. ती फोनकडे बघत बसली. मी शेजारी बसले. वाटणी सांगितली, चिठ्ठी सांगितली. तिनं फोन पिशवीत टाकला. मग विचारलं, "ताई, ही चिठ्ठी बाईनं काढली तर चालती का?"

मी म्हटलं, कायद्यानं इथे तुम्हीच. दीर नाही, सासरा नाही. तुम्ही.

"आमच्यात वाटनीला बाईला बसवत न्हाईत. बाई आत च्या करत आस्ती." मग पदर खोचला. "दीर काय म्हनायचं ते म्हनू द्या. मानूस माजं हाय. आना हिकडं."

मी शेवटचं मर्जीचं वाक्य सांगत होते तोवर तिनं पेन घेतलंसुद्धा. सही केली. पूर्ण नाव लिहून, खाली रेघ ओढून! माझेच डोळे भरून आले. किती वर्षांनी एका बाईला वाटणीत बसवलं मी, असं वाटलं. खरं सांगायचं तर आज मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पाकीट उघडलं, 'ख' निघालं. निकितानं 'ख'ची बाटली लावली. बाटलीवरचं नाव झाकलेलं असतं, त्यामुळे कोणतं ते आम्हालाही कळत नाही.

पाच.

२५ नोव्हेंबर

कुसुमबाई गेल्या. अकराव्या दिवशी. किडन्या पूर्ण बंद पडल्या होत्या.

रविकांत सरांनी सगळे कागद पाहिले, दोनदा पाहिले. सलाईनचा संबंध नाही म्हणाले, आल्या तेव्हाच हालत फार नाजूक होती. अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीला मुदतीत कळवलं. पण माणिकराव समोर आले तर काय म्हणतील?

आले. हात जोडले. "तुमाला बोल न्हाई, पोरी. चिठ्ठी हुती."

मी जिन्यात जाऊन रडले. आणि खोटं कशाला लिहू, सुटल्यासारखंही वाटलं.

२ डिसेंबर, मंगळवार

चतुराबाई, पासष्टीच्या. मुलगा आत. सून बाळंतीण, गावाकडे. चतुराबाईंना लिहिता-वाचता येत नाही, म्हणजे अंगठा, आणि अंगठा म्हणजे साक्षीदार. वाचता येणारा हवा, दवाखान्यातला नको, सगळं बोलणं पहिल्यापासून ऐकलेला हवा. दीड तासात असा माणूस आणायचा कुठून?

त्यांना घेऊन आलेला आटोवाला सिद्धोधन अजून फाटकापाशीच होता. बारावी पास. म्हटलं, दादा अर्धा तास द्याल का? आला. नुसता आला नाही, मी बोलत होते तेव्हा माहितीपत्रकावर बोट ठेवून ओळ न् ओळ बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई, सगळं बराबर हाय. फकत न्हाई म्हनलं तरी इलाज तोच, हे कागदावर पयल्या पानाला हाय. तुमी लय शेवटाला सांगितलं."

म्हटलं, ओघात मागे-पुढे होतं, पण सांगितलं ना?

"सांगितलं," तो म्हणाला, आणि साक्षीदाराच्या रकान्यात मोत्यासारख्या अक्षरात सही केली. हुशार माणूस. पुढच्या वेळीही यालाच बोलवावं.

चतुराबाईंचा अंगठा. सहा!

१२ डिसेंबर, शुक्रवार

आठ!! रामप्रसाद आज स्वतःच्या पायांनी वॉर्डातून घरी गेला. दैवशालानं माझ्या हातात चार बोरं ठेवली. साठाव्या दिवसाची तपासणी २० जानेवारीला.

दुपारी बैठक. यादी आली. मी सवयीनं खाली शोधायला गेले, तर परभणी नाही! वर, वर, आणखी वर — आम्ही सातवे! मॅडम: "विजयमाला, तुम्ही नक्की करता काय? या महिन्यात एकही नकार नाही?"

एकही नाही, मी म्हटलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला. तिकडचे लोक अवघड नाहीत मॅडम, त्यांना त्यांच्या भाषेत विचारावं लागतं. हे वाक्य मी सहा नोव्हेंबरपासून तयार ठेवलं होतं!

१३ डिसेंबर

सर आज म्हणतात, "सलग सहा, आणि एकही 'नाही' नाही? माझ्या अनुभवात दहातले तीन-चार तरी नाही म्हणतात. जरा बघा."

काय बघा? 'नाही' येत होतं तेव्हा परभणी मागे. 'हो' येतंय तर काहीतरी गडबड! बायकांचं यश पुरुषांना इतक्या सहज पचत नाही, सरांसारख्या भल्या माणसालाही. दिवसभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

३१ डिसेंबर, बुधवार

दहा. वर्ष छान संपलं.

सगळा महिना गारठा. व्हरांड्यात लोक शेकोटीची आठवण काढतात, दवाखान्यात पेटवता तर येत नाही. मी घरून तीन जुन्या गोधड्या नेऊन ठेवल्या. आता चटईवर बसले की बायका सरकून जागा देतात. "चिठ्ठीवाल्या ताई" म्हणतात. आधीच्या पेशंटचे नातेवाईक नव्यांना सांगतात — भिऊ नगा, वाटनीवानी हाय, चिठ्ठी काढून घ्या. माझं अर्धं काम माझ्या आधीच झालेलं असतं.

८ जानेवारी, गुरुवार

बारा!!!

तीन आठवडे राखून! सकाळी अकरावा, संध्याकाळी बारावा. निकिताला मिठी मारली. पेढे आणायला निघाले तर ती म्हणाली, "आयसीयूत पेढे वाटतात का कुणी? बाहेरच्यांना काय वाटेल?" खरंच की. मग आम्ही दोघींनी चेंजिंग रूममध्ये चिवडा खाल्ला.

मॅडमचा फोन. केंद्र बंद होणार नाही. उलट पुढच्या अभ्यासातही परभणीला घेणार. आणि २० तारखेला बारा वाजता सगळ्या केंद्रांच्या को-ऑर्डिनेटरना मी माझी पद्धत शिकवायची! तास माझा एकटीचा. मॅडमनी नावही ठरवलंय — 'परभणी पद्धत'.

सर म्हणाले, "अभिनंदन. मनापासून." मनापासूनच म्हणाले. गेल्या महिन्यातला राग मी सोडून दिला.

आईला फोन केला. तिला अभ्यास-बिभ्यास काही कळत नाही. म्हणाली, "गावात सांगू का?" सांग म्हटलं, अख्ख्या झरीला सांग!

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. व्हरांड्यातल्या सगळ्यांना तिळगूळ दिला. भाषणाची तयारी चालू. तेवीस चित्रं केलीत — पंच, रान, विहीर, चिठ्ठ्या. एका चित्रात चटईवर बसलेली बाई आहे. ती मी आहे, पण सांगणार नाही.

१९ जानेवारी, सोमवार

जेवणाआधी महारुद्रांना समोर बसवून पूर्ण भाषण म्हणून दाखवलं. साडेपाच वाजल्यापासून सव्वासहापर्यंत. त्यांनी एकदाही फोनकडे बघितलं नाही, म्हणजे चांगलं झालंय. एवढंच म्हणाले, "वाटणीचं सगळ्यात छान. कुणालाही पटेल."

निळी साडी इस्त्री करून ठेवलीय. सहा नोव्हेंबरला या बाईच्या गावाला अवघड म्हटलं होतं. उद्या बघा!

उद्या सकाळी दहाला दैवशाला आणि रामप्रसाद तपासणीला येतील. तेवढं उरकून थेट बैठक. तिला आठवणीनं विचारायचं, चिठ्ठी काढताना मनात काय होतं? तिच्या तोंडचं एक वाक्य भाषणात घातलं तर काय बहार येईल.

२० जानेवारी, मंगळवार

विचारलं.

"काय सांगू ताई. माज्या आईनं हक्कसोडावर आंगठा दिला, तवापासून मामाच्या रानात आमचा पाय न्हाई. वाटा सोडला की संपलं. मी म्हनलं, हितं चिठ्ठी न्हाई काढली तर माज्या मानसाचा वाटा जाईल. सलाईन दुसऱ्याला लावतील. व्हरांड्यात समदे तसंच म्हनत होते."

समदे.

मी म्हटलं, दैवशाला, नाही म्हटलं असतंस तरी सलाईन लागलंच असतं. औषधं, बेड, सगळं तेच. मी सांगितलं होतं ना शेवटी?

"मला ऐकूच आलं न्हाई, ताई. वाटा सोडून बी वाटा मिळतो, आसं कुठं आस्तं का?" मग, अगदी साधेपणानं, "तवा कळलं आस्तं तर मी न्हाई म्हनले आस्ते. दीर अजून बोलत न्हाई माज्याशी."

सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. वाक्य मीच शेवटी नेलं, हेही सांगितलं. सरांनी लगेच कागद ओढला. कमिटीला पत्र लिहायला घेतलं. बारा वाजता पडदा उघडला, निळ्या साडीत मी. चित्रं दाखवलीच नाहीत. पंचवीस केंद्रांना सांगितलं की ही पद्धत वापरू नका, आणि का. मॅडमनी मध्ये दोनदा थांबवायला बघितलं. थांबले नाही. त्याचा मात्र मला अजिबात पस्तावा नाही.

चिठ्ठी सांगून घेतलेली दहा घरं आहेत. प्रत्येक घरी जाऊन पुन्हा विचारायचं, या वेळी पहिलं वाक्य पहिलं. सुरुवात आजच झाली. बैठकीहून आले तर दैवशाला आणि रामप्रसाद व्हरांड्यात थांबलेले होते; तो म्हणाला, सही हिची होती, आताही हीच ठरवील. मी चटईवर बसले, नाव काढून घ्यायचा फॉर्म तिच्यापुढे ठेवला, म्हटलं राहा किंवा काढ, तुझ्या माणसाच्या उपचाराला काही होणार नाही. तिनं तो पूर्ण वाचला. प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत, मला मध्ये तीन प्रश्न विचारत. पाऊण तास लागला.

मग म्हणाली, "काढा नाव." आणि सही केली.